कॅटालेजचा आलेख दरवर्षी का वाकतो: बटाटा, पेरॉक्साईड आणि आमच्या चुका

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली, की आमच्या प्रयोगशाळेत बटाट्यांची पिशवी येते. लक्ष्मीपुरीतून किलोभर बटाटे, कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून हायड्रोजन पेरॉक्साईडच्या दोन बाटल्या, आणि विज्ञान प्रदर्शनासाठी कुणीतरी हटकून निवडलेला तोच विषय: एन्झाइम जास्त घातलं तर अभिक्रियेचा वेग किती वाढतो? एन्झाइम म्हणजे अभिक्रिया वेगानं घडवून आणणारं आणि स्वतः न संपणारं प्रथिन. बटाट्यातलं असंच एक म्हणजे कॅटालेज, ते पेरॉक्साईडमधून ऑक्सिजन मोकळा करतं. मी कोल्हापुरातल्या एका शाळेत प्रयोगशाळा सहाय्यक आहे. पोरं मला मामा म्हणतात. प्रयोग मांडून द्यायचं काम माझं, आणि आठवडाभरानं येणारी तक्रारही माझ्याकडंच. "मामा, आलेख वाकला की ओ."

वाकला म्हणजे असा. आडव्या अक्षावर बटाट्याचा रस, उभ्या अक्षावर ऑक्सिजन. पहिले तीन ठिपके शहाण्यासारखे चढत जातात, चौथा रेंगाळतो, पाचवा चौथ्याच्या शेजारी जाऊन बसतो. मग पोरं पुस्तक उघडतात. तिथं वर चढून सपाट होणारी अशीच एक रेघ सापडते आणि वहीत निष्कर्ष पडतो: "एन्झाइम संपृक्त झाल्यामुळे वेग स्थिर झाला." म्हणजे सगळं एन्झाइम कामात गुंतलं, आणखी वेग वाढायला वाव नाही. बाई बरोबरची खूण करतात, परीक्षक मान डोलावतात. बरीच वर्षं मीही डोलावली.

तो निष्कर्ष चुकीचा आहे. पुस्तकातली ती रेघ वेगळ्या प्रयोगाची आहे.

लग्नाची पंगत डोळ्यासमोर आणा. दोनशे पानं मांडलीत, भाताचं पातेलं भरलेलं आहे. एक वाढपी मिनिटाला दहा पानं वाढतो. दोन वाढपी वीस वाढतील, पाच जण पन्नास. पानं शिल्लक आहेत तोवर हा हिशेब सरळ रेषेत चालतो. वाढपी म्हणजे एन्झाइम, पानं म्हणजे क्रियाधार, म्हणजे एन्झाइम ज्याच्यावर काम करतं तो पदार्थ. आमच्याकडं तो पेरॉक्साईड. आता उलटं करा. वाढपी एकच ठेवा आणि पानं वाढवत न्या. सुरुवातीला पानं कमी, त्यामुळे गडी मोकळा उभा असतो. पानं वाढतील तसा त्याचा वेग वाढतो, पण एका टप्प्यानंतर त्याचा हातच पुरत नाही. तिथं रेघ सपाट होते. पुस्तकातली रेघ ही दुसरी. तिच्या आडव्या अक्षावर क्रियाधार आहे. आमच्या प्रयोगाच्या आडव्या अक्षावर एन्झाइम आहे, आणि क्रियाधार भरपूर असेल तर सुरुवातीचा वेग एन्झाइमच्या प्रमाणात सरळ वाढायला हवा. वाकला, तर मांडणीत कुठंतरी चूक आहे.

ती दुसरी रेघ १९१३ साली लिओनोर मायकेलिस आणि मॉड मेंटन यांच्या कामातून प्रसिद्ध झाली. त्यांनी वापरलेलं एन्झाइम होतं साखर फोडणारं इन्व्हर्टेज, आणि क्रियाधार होती उसाची साखर. हे ऐकून आमची पोरं सावरून बसतात, कारण इन्व्हर्टेज आपल्या गुऱ्हाळाच्या दारात उभं असतं. तोडलेला ऊस दोन-चार दिवस उन्हात पडून राहिला, की त्यातली साखर फुटत जाते, आणि मग गुळव्यानं, म्हणजे गूळ करणाऱ्यानं, काही केलं तरी गुळाचा रवा (ढेप) कडक बसत नाही, चिकट राहतो. ज्याच्या घरी गुऱ्हाळ आहे त्या पोराला एन्झाइम म्हणजे काय हे मी शिकवायला जात नाही. तोच मला शिकवतो.

तर आमचा प्रयोग. बटाट्यातलं कॅटालेज हायड्रोजन पेरॉक्साईडचं पाणी आणि ऑक्सिजन करतं. ऑक्सिजन नळीतून पाण्यानं भरलेल्या उपड्या मोजपात्रात घ्यायचा आणि मोजायचा. नळी म्हणून मी मेडिकलमधून सलाइनचा नवा सेट आणतो. तो स्वस्त मिळतो आणि लवचिक असतो. वाकलेला आलेख हातात आला की मी काय काय तपासतो ते खाली लिहितोय. ज्या गोष्टीनं सर्वाधिक वेळा फसवलं, ती आधी.

प्रत्येक नळीत एकूण द्रव किती आहे?

दहापैकी सहा वेळा चूक इथंच सापडते. पोरं काय करतात, पाच परीक्षानळ्यांत १, २, ३, ४, ५ मिली रस घेतात आणि प्रत्येकीत ५ मिली पेरॉक्साईड ओततात. दिसायला चोख. पण पहिल्या नळीत एकूण द्रव ६ मिली झाला आणि शेवटच्या नळीत १०. पेरॉक्साईड ३ टक्क्यांचं असेल, तर पहिल्या नळीत ते पातळ होऊन अडीच टक्के उरतं, शेवटच्या नळीत दीडच टक्का. एन्झाइम वाढवता वाढवता आपण क्रियाधार पातळ करत गेलो. वाढपी वाढले, पण पानं लांब लांब मांडली.

याचा हिशेब करून बघा, कारण वाकण्याचं माप त्यातच निघतं. कॅटालेजची एक खोड आहे. बाकीची एन्झाइमं क्रियाधारानं लवकर भरून जातात, कॅटालेज सहजी भरत नाही. पेरॉक्साईड जितकं तीव्र, तितका त्याचा वेग वाढत राहतो. त्यामुळे पहिल्या नळीचा वेग साधारण १ गुणिले २.५ आणि शेवटचीचा ५ गुणिले १.५. म्हणजे २.५ विरुद्ध ७.५. रस पाचपट आणि वेग तिप्पट. ठिपके मांडा, पोरांच्या वहीतला आलेख तसाच्या तसा येतो. संपृक्त वगैरे काही झालेलं नसतं.

उपाय एका वाक्याचा आहे. प्रत्येक नळीत रस आणि पाणी मिळून ५ मिली भरा: १ मिली रसाला ४ मिली पाणी, २ ला ३, असं करत ५ ला शून्य. त्यात सगळीकडे ५ मिली पेरॉक्साईड. मग पाचही नळ्यांत एकूण १० मिली द्रव आणि पेरॉक्साईड दीड टक्का. एवढं केल्यावर निम्मे आलेख तिथल्या तिथं ताठ होतात. उरलेल्यांसाठी पुढं वाचा.

तुम्ही वेग मोजताय की शेवट?

हे जरा सविस्तर सांगतो, कारण इथं बाईंशी माझा दोन वर्षं वाद चालला होता.

पोरं साधारण तीन मिनिटं थांबतात आणि मोजपात्रात जमलेला ऑक्सिजन लिहितात. का तीन मिनिटं? कारण मागच्या वर्षीच्या वहीत तीन लिहिलेलं असतं. आता बाटलीवर बघा. मेडिकलमध्ये मिळणारं पेरॉक्साईड बहुधा ६ टक्क्यांचं असतं आणि त्यावर २० व्हॉल्यूम असं छापलेलं असतं. याचा अर्थ १ मिली द्रवातून २० मिली ऑक्सिजन निघू शकतो. तितकंच पाणी घालून ३ टक्के केलं की ते १० व्हॉल्यूम होतं. म्हणजे ५ मिलीमध्ये सगळा मिळून ५० मिली ऑक्सिजन. हा आकडा शून्य अंश तापमानाचा आणि समुद्रसपाटीचा. कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, हवा उबदार, त्यामुळे इथं तोच ऑक्सिजन फुगून पंचावन्न-साठ मिली भरतो. पण त्याच्यावर एक मिलीही जास्त निघणार नाही.

रस चांगला असेल तर चौथी आणि पाचवी नळी तीन मिनिटांत या छताला टेकते. दोघींचं माप सारखं आलं, तर त्यात आश्चर्य ते काय? पातेल्यातला भातच संपला. चार वाढपी आहेत की पाच, हे संपल्या भातावरून कसं कळणार?

म्हणून पहिल्या ३० सेकंदांतला ऑक्सिजन घ्या. शक्य असेल तर दर १० सेकंदांनी आकडा लिहा आणि प्रत्येक नळीचा वेगळा छोटा आलेख काढा: आडवा वेळ, उभा ऑक्सिजन. त्याच्या अगदी सुरुवातीच्या सरळ भागाचा चढ म्हणजे त्या नळीचा वेग. हे पाच चढ घेऊन मुख्य आलेख काढायचा. बाईंचं म्हणणं होतं, की सहावी-सातवीच्या पोरांना चढ कुठून कळायचा. बरोबर आहे त्यांचं. त्यांच्यासाठी ३० सेकंदांचा एकच आकडा पुरे. नववीच्या पुढच्यांना मात्र चढ काढायला लावाच. एकदा हाताला बसला की पुढं भौतिकशास्त्रात कामाला येतो.

सुरुवातीचंच माप घ्यायला आणखी दोन कारणं आहेत. ही अभिक्रिया उष्णता सोडते. दीड टक्का पेरॉक्साईड पूर्ण फुटलं, तर द्रवाचं तापमान दहा अंशांच्या आसपास चढू शकतं. नळी हातात धरून बघा, ऊब लागते. जास्त रसाची नळी जास्त तापते आणि तापली की आणखी वेगानं पळते. म्हणजे एकाच वेळी दोन गोष्टी बदलायला लागल्या. दुसरं कारण उलट्या बाजूचं आहे. तीव्र पेरॉक्साईडमध्ये कॅटालेज स्वतःच हळूहळू निकामी होतं. पेरॉक्साईड जास्त कडक घेतलं की प्रयोग चांगला दिसेल, हा समज त्यामुळेच फसवा. फेस भरपूर येतो, आकडे वाईट येतात. रसायनशास्त्राच्या कपाटात ३० टक्क्यांची बाटली असेल तर ती पोरांच्या हातात देऊच नका. कातडीला लागलं तर पांढरे चट्टे पडतात आणि झोंबतं. डोळ्यांत उडालं तर काय होईल, ते सांगायला नको. ६ टक्क्यांसाठीसुद्धा चष्मा घालायला लावा.

उकडलेला बटाटा जिवंत कसा?

तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट. नववीतली एक पोरगी तुलनेसाठी उकळलेल्या रसाची नळी घेऊन बसली होती. उष्णतेनं एन्झाइम मरतं, तेव्हा ऑक्सिजन शून्य यायला हवा. आला ५ मिली. तिनं परत केलं, परत ५. "मामा, मी दोनदा मोजलो. उकडलेला बटाटा पण जिवंत हाय."

मी म्हटलं, अर्धवट उकळला असशील. तिनं पुन्हा दहा मिनिटं खळखळ उकळला. ५ मिली. मग मी वैतागून रसाच्या जागी नुसतं नळाचं पाणी घातलं. ५ मिली! पाण्यातही कॅटालेज आहे म्हणायची वेळ आली.

दुपारी डबा खाताना लक्षात आलं. बूच लावायला उशीर झाला की सुरुवातीचा ऑक्सिजन उडून जातो, म्हणून त्या वर्षी आम्ही दोन भोकांचं रबरी बूच केलं होतं. एका भोकात सलाइनची नळी, दुसऱ्यात ५ मिलीची सिरिंज घट्ट बसवलेली. बूच आधी लावायचं, मग सिरिंजनं पेरॉक्साईड आत ढकलायचं. युक्ती झकास होती. पण ५ मिली द्रव बंद नळीत ढकलला, तर आतली ५ मिली हवा कुठं जाणार? नळीतून मोजपात्रात. ते बुडबुडे ऑक्सिजनचे नव्हतेच, नळीतल्या साध्या हवेचे होते.

तेव्हापासून ठरलंय: सिरिंज वापरली तर प्रत्येक आकड्यातून सिरिंजमधल्या द्रवाइतकं माप वजा करायचं, आणि उकळलेल्या रसाची नळी पहिल्यांदा करायची. तुमची रेघ सरळ आहे, पण शून्यातून जात नाही, वरून कुठंतरी सुरू होते, असं दिसलं की पहिला संशय याच हवेवर घ्या. रेघ शून्याच्या खाली सुटत असेल तर उलटा प्रकार. बुचाशेजारून ऑक्सिजन गळतोय, किंवा हातानं बूच लावताना पहिले दोन-तीन सेकंद वाया जातायत. हे नुकसान जोरात पळणाऱ्या नळीत जास्त होतं आणि मंद नळीत कमी, त्यामुळे गळतीनंही आलेख वरच्या टोकाला वाकतो. बुचाला ग्लिसरीनचं बोट लावलं की गळती बहुतेक थांबते.

पेरॉक्साईड जुनं आहे का?

आमच्याकडच्या बाटल्या खिडकीत असायच्या. उजेड आणि ऊब लागली की पेरॉक्साईड आपोआप फुटत राहतं. वर्षभर पडलेल्या बाटलीत नुसतं पाणी उरलेलं असू शकतं. लेबल अर्थातच ६ टक्केच सांगतं.

परीक्षा सोपी आहे. बेकरीचं कोरडं यीस्ट चमचाभर कोमट पाण्यात कालवा. त्यात कॅटालेज चिक्कार असतं. त्यावर ३ टक्के म्हणून बनवलेलं २ मिली पेरॉक्साईड टाका आणि बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत ऑक्सिजन मोजा. सिरिंजमुळे आलेली हवा वजा करून साधारण २० ते २४ मिली आला तर बाटली ठीक. ८-१० वर थांबला तर बाटली टाका. इथं मात्र शेवटचं माप घ्यायचं, वेग नव्हे, कारण इथं आपण भाताचं पातेलंच मोजतोय.

एक ताकीद. नळीतलं उरलेलं पेरॉक्साईड काटकसर म्हणून परत बाटलीत ओतू नका, आणि बटाट्याला लागलेला ड्रॉपर बाटलीत बुडवू नका. थेंबभर रस आत गेला की पुढं दोन दिवस बाटलीत ऑक्सिजन तयार होत राहतो आणि घट्ट झाकणाची प्लास्टिकची बाटली फुग्यासारखी ताठ होते. आमच्या कपाटात असं एकदा झालंय. झाकण उघडायला मीच गेलो आणि शर्टाच्या बाहीवर रंग उडालेला डाग अजून आहे.

सकाळची नळी आणि दुपारची नळी

डिसेंबरात आमची प्रयोगशाळा सकाळी सातला गारठलेली असते, आणि मधल्या सुट्टीनंतर पत्र्याखाली चांगली तापते. तापमान वाढलं तर एन्झाइमचा वेगही वाढतो. पोरं कमी रसापासून जास्त रसाकडं क्रमानं जातात. पहिल्या दोन नळ्या पहिल्या तासाला, उरलेल्या सुट्टीनंतर. मग आलेख वरच्या बाजूला उसळतो आणि पोरं खूश होतात, कारण वर उसळलेला आलेख कुणाला चूक वाटत नाही.

त्याच वेळी दुसरीकडं रस म्हातारा होत असतो. किसलेला, मिक्सरला लावलेला बटाटा थोड्या वेळानं तांबूस पडतो. तो रंग दुसऱ्या एन्झाइमचा, आपल्या प्रयोगाला त्याचं काही नाही. पण रस उबेत तासन्‌तास राहिला की कॅटालेजचा जोरही ओसरतो. म्हणजे तापमान वेग वाढवतंय, वय वेग कमी करतंय, आणि दोन्ही गोष्टी नळीच्या क्रमाला चिकटलेल्या. असला आलेख वाचणं म्हणजे कुंडली वाचण्यासारखंच.

आता आम्ही असं करतो. १०० ग्रॅम सोललेला बटाटा १०० मिली गार पाण्यात मिक्सरला लावायचा, मलमलच्या फडक्यातून गाळायचा, आणि भांडं बर्फात ठेवायचं. बर्फ कोपऱ्यावरच्या सरबतवाल्याकडून आणतो. तोही आता विचारतो, यंदा बटाटा कधी? प्रत्येक वेळी रस घेण्याआधी भांडं ढवळायचं. तळाशी पांढरं पीठ बसलेलं असतं आणि त्याच्याबरोबर पेशींचे बारीक तुकडेही खाली जातात. वरून निवळ घेतलेला पहिला मिली आणि तळातून घेतलेला पाचवा मिली एकसारखा नसतो. नळ्या पाण्याच्या एकाच टबात पाच मिनिटं ठेवून मग सुरू करायच्या, पेरॉक्साईडही त्याच टबात. तापमापी टबात उभी, आकडा वहीत.

आणि क्रम मोडायचा. ३, १, ५, २, ४ असं चिठ्ठ्या टाकून घ्या. सगळं झाल्यावर सुरुवातीला केलेली नळी पुन्हा एकदा करा. तिचा आकडा पहिल्यासारखा आला तर मधल्या काळात रस टिकला. बराच खाली आला तर दुसऱ्या दिवशी ताजा रस काढून सगळं परत. पोरांच्या जिवावर येतं, पण ही एक नळी पूर्ण प्रयोगाची जामीनदार आहे.

चकत्यांची पद्धत वापरणाऱ्यांसाठी

मोजपात्र नसेल तर फिल्टर पेपरला पंचिंग मशीननं भोकं पाडून निघालेल्या चकत्या रसात बुडवून पेरॉक्साईडच्या तळाशी सोडतात. ऑक्सिजनचे बुडबुडे चिकटून चकती वर येते, तो वेळ मोजायचा. पद्धत छान आहे, खर्च शून्य. यात आलेख वाकण्याचं कारण बहुधा एकच असतं: पोरं वेळच आलेखात मांडतात. पूर्ण रसाला ४ सेकंद, निम्म्याला ८, पाव रसाला १६ असे आकडे आले, तर वेळेचा आलेख घसरगुंडीसारखा वाकणारच. वेग म्हणजे १ भागिले वेळ. ०.२५, ०.१२५, ०.०६२ असे मांडा, रेघ सरळ.

फक्त एक बघा. ४ सेकंदांत स्टॉपवॉचवर अंगठ्याची अर्ध्या सेकंदाची चूक म्हणजे बारा टक्के, १६ सेकंदांत तीच चूक तीन टक्के. म्हणून जोरदार रस थोडा पातळ करून घ्या, म्हणजे सगळ्यात वेगवान चकतीलाही दहा सेकंद तरी लागतील. चकती रसातून काढल्यावर टिपकागदावर एकदाच टेकवायची, नाहीतर एकीवर थेंब लोंबतो आणि दुसरी कोरडी.

लाळेच्या प्रयोगात उलटा वाक

काही शाळा बटाट्याऐवजी लाळेतलं पिष्ट फोडणारं एन्झाइम, अमायलेज, घेतात. पिष्टाच्या द्रावणात लाळ, आणि दर ३० सेकंदांनी थेंब काढून आयोडीनवर, निळा रंग यायचा थांबेपर्यंत. इथं दोन भानगडी होतात.

पहिली ३० सेकंदांचीच. रंग ३५ व्या सेकंदाला गेला काय आणि ५५ व्या सेकंदाला गेला काय, वहीत दोन्ही ६०. जास्त लाळेच्या दोन-तीन नळ्या एकाच आकड्यावर येऊन बसतात. पुन्हा तीच सपाट रेघ, पुन्हा तेच "संपृक्त". लाळ इतकी पातळ करा की सगळ्यात वेगवान नळीलाही तीन-चार मिनिटं लागतील, आणि थेंब दर १५ सेकंदांनी घ्या.

दुसरी भानगड गमतीची आहे, कारण त्यात आलेख वरच्या बाजूला वाकतो: लाळ निम्मी केली तर वेग निम्म्याच्याही खाली जातो. याचं कारण मीठ. लाळेतल्या अमायलेजला पूर्ण जोरानं काम करायला क्लोराइड लागतं. आपण लाळ डिस्टिल्ड वॉटरनं पातळ करत गेलो की एन्झाइमबरोबर क्लोराइडही पातळ होतं. म्हणजे वाढपी कमी झाले आणि उरलेल्यांच्या हातातले डावही लहान झाले. १०० मिली पाण्यात अर्धा ग्रॅम साधं मीठ घालून त्या पाण्यानं लाळ पातळ करा, वाक जातो. डिस्टिल्ड वॉटर शुद्ध म्हणून चांगलं, हे आम्ही डोळे झाकून मानलं होतं. इथं त्यानंच घोळ केला.

लाळ एकाच पोराची घ्या, चूळ भरल्यावर, आणि ज्याची लाळ त्यानंच त्या नळ्या हाताळायच्या आणि धुवायच्या. चार जणांची लाळ चार नळ्यांत घेतली तर चार वेगवेगळी एन्झाइमची प्रमाणं झाली, आणि मग आडव्या अक्षावर नक्की काय लिहायचं?

हे सगळं पाळून गेल्या डिसेंबरात आठवीच्या पोरींनी आलेख काढला. एकूण द्रव सारखा, ३० सेकंदांचं माप, हवा वजा, बर्फातला रस, चिठ्ठ्यांचा क्रम. पहिले चार ठिपके पट्टीला लागून आले. पाचवा मात्र जरासा खालीच. माझ्याकडं बघून एकीनं पेन्सिल उचलली.

"मामा, त्याला थोडा वर घेऊ काय? कुणाला कळणार हाय?"

"ठिपका राहू दे. पाचव्या नळीचं बूच काढून आण."

बुचाला सिरिंजच्या भोकापासून केसाएवढी चीर गेली होती. नवीन बूच लावून पाचवी नळी परत केली, तर दोन मिली जास्त आले. तिनं जुना ठिपका खोडला नाही. त्याच्या शेजारी नवीन ठिपका काढला आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलं: बूच फाटलं होतं.